कडेपर्यंत बघा

मी रक्त तपासायची काचपट्टी बोलतेय. आहे बोटाएवढी, पण मार पोतंभर खाल्लाय.

जन्मच मारामारीतला. भट्टीत वितळवलं, चाकाने चिरलं आणि पन्नासजणींत कोंबून प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे रक्त तपासणाऱ्या ताईंनी चिमणी नावाच्या सात वर्षांच्या पोरीच्या दंडात सुई खुपसली. ती किंचाळत असतानाच तिच्या रक्ताचा थेंब माझ्यावर पडला. दुसऱ्या काचपट्टीने तो खसकन फरफटत नेऊन पातळ थर केला, वर जांभळा रंग ओतला.

ताईंचा हात पंचवीस वर्षांच्या सरावाचा. पण त्या थराचा मधला भाग तेवढा बघायच्या. कडेला पेशी चेंगरतात, तिथे काय बघायचं, हा त्यांचा हिशेब. "साधा ताप आहे," त्या म्हणाल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. मोठ्या, पिसाळलेल्या पेशी फरफटत माझ्या कडेलाच जमल्या होत्या, चिमणीच्या जिवावर उठलेल्या.

डॉक्टरबाईंनी मला संगणकाच्या कॅमेऱ्याखाली घातलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. संशयित पेशींभोवती पडद्यावर लाल चौकटी उमटल्या. तीस, चाळीस, साठ. मग बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"रक्ताचा कॅन्सर वाटतोय. आजच दाखल करा, पुढच्या तपासण्या करून खात्री करू."

चिमणीचा बाप वेल्डर, राग कायम नाकावर. "ताई ताप म्हणतात, आणि हा डबा कॅन्सर म्हणतो?" त्याने खुर्ची उचलून पडद्यावर घातली. मग मला मुठीत धरून टेबलावर आपटलं. माझे दोन तुकडे झाले. एक त्याच्या तळव्यात घुसला. लेकीच्या रक्तावर बापाचं रक्त सांडलं.

"मी पोरीला घरी नेतो!"

बाईंनी त्याच्या जखमेवर बोळा दाबला. ताईंनी टेबलावरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, कड पाहिली आणि त्याच्याकडे वळल्या.

"माझं चुकलं, दादा. मी इथे बघितलंच नव्हतं. पोरीला नेऊ नका."

त्याने नेलं नाही.

बाईंनी मला चिकटपट्टीने जोडून नव्या पडद्याशेजारी ठेवलंय. माझं मागणं एवढंच आहे: मला आपटा, फोडा, पण आधी कडेपर्यंत बघा.

आठ महिन्यांनी, काल तो आला. उपचारांनी केस गेलेली चिमणी खांद्यावर. "ताई, कडेपर्यंत बघा हं."

तिच्या रक्ताची नवी काचपट्टी ताईंनी पाहिली, संगणकाने पाहिली, बाईंनी पाहिली. एकही लाल चौकट नाही.

त्याने भिंतीवर दाणकन ठोसा हाणला आणि तिथेच डोकं टेकून ढसाढसा रडायला लागला.

"बाबा," चिमणी म्हणाली, "भिंतीला लागलं ना!"