कुंकू लावलेली हार्ड डिस्क

हळदीकुंकू लावलेली हार्ड डिस्क तुम्ही कधी बघितली आहे? नसेल, तर मी तीच. मुक्काम निलंगा, जिल्हा लातूर. पोटात पाचशे जीबी जागा, अंगावर काळी प्लास्टिकची डबी, आणि केबल लावायच्या तोंडापाशी एक लाल-पिवळा डाग. तो कितीही पुसला तरी जात नाही. आता कुणी पुसूही नये, मला त्याची सवय झाली आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असायची, कारण आम्हाला धूळ चालत नाही. माझ्या पोटात आरशासारखी गुळगुळीत तबकडी आहे. ती गरगर फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावर न टेकता तरंगत राहते. मध्ये धुळीचा एक कण आला तरी कपाळमोक्ष. अशा सोवळ्यात जन्मलेली मी, नांदायला आले ती बोअरच्या मोटारींच्या दुकानामागच्या घरात. उन्हाळ्यात इथे चहावरसुद्धा धुळीची साय धरते.

मी मुळात वर्षाराणीची. कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत ती बाई म्हणून लागली, तेव्हा तिने लातूरहून एक लॅपटॉप आणला. मी त्याच्या पोटात होते. पुढे लॅपटॉपवर दूध सांडलं, तो गेला, मी राहिले. तिच्या नवऱ्याने, म्हणजे वीरेशने, मला बाहेर काढून या डबीत बसवलं. खोटं कशाला बोलू, हात चांगला आहे त्याचा. बारीक स्क्रू कसा फिरवावा हे त्याला कळतं. अडचण हाताची नाही, तोंडाची आहे.

वीरेशचं दुकान वडिलांपासूनचं. मोटारी, पाइप, नट-बोल्ट. पोट त्याच्यावर चालतं, पण जीव सगळा कॉम्प्युटरच्या सामानात. ‘निलंगा टेक कट्टा’ नावाचा एक ग्रुप त्याने काढला आहे आणि सकाळ-संध्याकाळ तो तिथे मतं टाकतो. पेन ड्राइव्हबद्दल विचारा. “बसस्टँडावरचं पाकीट. कवा जाईल सांगता येत न्हाई.” क्लाउडबद्दल विचारा. “आपली ज्वारी दुसऱ्याच्या पेवात.” यूएसबी हब? “एका नळाला चार तोट्या, पाणी कुणालाच न्हाई.” ऐकायला बरं वाटतं. लोक पसंतीचे अंगठे टाकतात आणि वीरेशची छाती फुगते.

त्याच्या टेबलाचा एक खण म्हणजे आमच्या जातीचं प्रदर्शन आहे. कार्ड रीडर, रंगीबेरंगी केबली, डिस्कला घालायचा रबरी झगा, डिस्कखाली ठेवायचा चिमुकला पंखा, तोंडं साफ करायचा फवारा. फवाऱ्याचं सील अजून फोडलेलं नाही. दुकान बंद झालं की वीरेश आमचा वेग मोजायला बसतो. बैलाला रोज शर्यतीत पळवायचं आणि शेतात एकदाही न्यायचं नाही, तसला प्रकार. वेग मोजला की फोटो ग्रुपवर.

या घरात प्रत्येक वस्तूबद्दल मत होतं, फक्त दुसरी प्रत कशाचीच नव्हती. बॅकअप या विषयावर वीरेश चहा थंड होईपर्यंत बोलू शकतो. त्यामुळेच बहुधा तो घ्यायला वेळ उरत नसावा.

माझ्या पोटात बराच कचराही होता. कधीच्या मेलेल्या प्रिंटरांची सॉफ्टवेअरं, दुसऱ्यांच्या डिस्कांचा समाचार घेणारे व्हिडिओ, लग्नाचे फोटो. पण एका कोपऱ्यात वर्षाराणीचे धडे होते, आणि तेवढ्यासाठी मी स्वतःला भाग्यवान समजत होते.

तिच्या शाळेतली लेकरं घरी कानडी बोलतात. पुस्तक मराठी. पहिलीतलं पोर बाई काय म्हणते ते न कळून भिंतीकडे बघत बसतं. वर्षाराणीने मग लेकरांनाच गुरुजी केलं. कानडी शब्द त्यांनी सांगायचा, मराठी तिने, आणि दोन्हींची मिळून गोष्ट करायची. सहा वर्षं ती हे मोबाइलवर चित्रित करून माझ्यात ठेवत होती. त्यात पुनम नावाची एक मुलगी आहे. वर्गात वर्षभर तिने तोंड उघडलं नव्हतं. माझ्यातल्या एका धड्यात ती ओढणी चावत उभी आहे, आणि मग एकदम म्हणते, “एम्मे म्हणजे म्हैस. आमची म्हैस लई गुणाची हाय.” मागे वर्षाराणी हसते आणि तिचा मोबाइल हलतो. तो हललेला भाग मला फार आवडतो.

मागच्या दसऱ्याच्या आधी निरोप आला की, सण झाला की लगेच लातूरला जिल्ह्यातल्या शिक्षकांपुढे हे धडे दाखवायचे. पसंत पडले तर हद्दीवरच्या सगळ्या शाळांत तेच चालणार होते. वर्षाराणीने त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीने पुरणपोळीच्या आधीच गूळ खाल्ला.

नेमकं तेव्हाच वीरेशने माझ्याबद्दल मत बनवलं. “फिरती डिस्क म्हणजे मातीचा माठ,” तो म्हणाला. “लातूरला न्यायची तर एसएसडी पायजे. तिच्यात फिरायचं काहीच न्हाई, मग मोडंल काय?” आणि एक नवी, चकचकीत, निळ्या दिव्याची एसएसडी घरी आली. कुठल्या कंपनीची, तर नाव वाचता येईना. माझ्या कितीतरी पट जागा आहे असं खोक्यावर छापलेलं.

आता वीरेश तिची पारख कशी करतो ते बघत मी टेबलावर पडून होते. त्याने तिला तळहातावर घेतलं आणि वर-खाली केलं. मोटारीच्या दुकानातली रीत आहे ही. तांब्याची वाइंडिंग असलेली मोटार जड लागते, नकली हलकी. या एका युक्तीवर वडिलांनी दुकान चालवलं होतं.

“वजन बघ, वजन,” तो बायकोला म्हणाला. “माल भरलाय आत.”

वर्षाराणीने हातात घेऊन बघितलं. जड होती.

मग माझ्यातलं सगळं तिच्यात ओतायला सुरुवात झाली. संपता संपेना. वर्षाराणीने विचारलं, नवीन असून इतकी हळू कशी? “नवी मोटार हाय,” वीरेश म्हणाला. “तापली की पळंल.” शेवटी एकदाचं काम झालं. त्याने लग्नाचा पहिला फोटो उघडला, तो उघडला. शितावरून भाताची परीक्षा झाली.

“अहो, माझे धडे उघडून बघा ना एकदा,” वर्षाराणी म्हणाली.

“नावं दिसायलीत की सगळी. नाव हाय म्हणजे माल हाय.”

तो खंडेनवमीचा दिवस होता. वीरेशने माझं पुढचं आयुष्यही ठरवून टाकलं होतं. दुकानातल्या कॅमेऱ्याच्या डब्यात मला बसवायचं. त्या डब्याची पद्धत अशी की डिस्क लावली की तो आधी तिला पुसून कोरी करतो आणि मग तिच्यावर गिऱ्हाइकांची टकुरी भरत बसतो. मला मरणाचं भय नाही, पण पुनमच्या म्हशीवर रोज दुकानात येणाऱ्या मलप्पाकाकांचं टक्कल येणार, हे काही मनाला पटेना. बोलता येत असतं तर ओरडले असते.

मला वाचवायचं काम सरजाबाईंनी केलं, आणि तेही न ओरडता. सरजाबाई म्हणजे वीरेशची आई. खंडेनवमीला त्या घरातली आणि दुकानातली हत्यारं देवापुढे मांडतात. पाने, साखळदंड, विळी, शिलाई मशीनचं चाक. त्या दिवशी टेबलावरून पक्कड उचलताना त्यांनी मलाही उचललं आणि पाटावर विळीशेजारी ठेवलं.

वीरेश आला तोवर पूजा झाली होती. “आई, ती दे. दुकानात लावायचीय.”

“पूजेतलं हत्यार उचलत न्हाईत, ठाऊक हाय न्हवं? उद्या सोनं देऊन झालं की पाटावरून काढीन, तवा ने.”

“ते हत्यार न्हाई.”

“सुनेची शाळा त्याच्यातच हाय म्हणतूस की. मग कामून न्हाई?”

वीरेश पाटाला नमस्कार करून दुकानात गेला. मी तेवढ्यापुरती वाचले. पण सरजाबाईंनी पूजा अगदी मन लावून केली होती. माझ्या डबीत त्यांना एकच ठिकाण तोंडासारखं दिसलं. त्यांनी हळदीकुंकवाचं बोट ओलं करून नेमकं तिथेच टेकवलं, वर फुलाने पाणी शिंपडलं. सोवळ्यातल्या त्या कारखान्याची मला फार आठवण आली.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. त्यांत मलप्पाकाका होते, बोअरमध्ये मोटार सोडण्याचं काम करणारे. वीरेशने आपट्याच्या पानांऐवजी एसएसडीच सगळ्यांच्या हातात फिरवली. “वजन बघा, वजन.” जो तो तळहातावर घेऊन वर-खाली करत होता आणि मान हलवत होता.

वर्षाराणीने दुसऱ्या दिवसाची पिशवी भरून ठेवली होती. “आता सगळे आहेत, तर एक धडा लावा,” ती म्हणाली. “बघू तरी मोठ्या टीव्हीवर कसा दिसतो.”

वीरेशने लावला. उघडला नाही. दुसरा लावला, तिसरा लावला. नावं सगळी जागच्या जागी होती. आत काही नव्हतं.

वीरेश म्हणाला, केबल हलकी आहे. मग म्हणाला, टीव्ही जुना आहे. मग म्हणाला, वर्षाराणीने नावं मराठीत दिली म्हणून घोळ झाला. मतं संपत आली तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. वर्षाराणीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. जुनी डिस्क दुकानात पुसली गेली असणार, म्हणजे सहा वर्षांचे धडे गेले, असं तिला वाटलं. त्यातली कितीतरी लेकरं आता मोठ्या शाळेत गेली, त्यांना परत पहिलीत कोण बसवणार? मला पाटावरून तिचा चेहरा दिसत होता आणि मला खूप वाईट वाटत होतं.

वीरेशने एसएसडी कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खळकन वाजलं. न फिरणाऱ्या, न हलणाऱ्या डिस्कमध्ये वाजणार काय? स्क्रू ड्रायव्हर आला, झाकण निघालं. आत नखाएवढं मेमरी कार्ड होतं, आणि त्याच्या शेजारी गोंद सुटलेला एक लोखंडी नट.

मलप्पाकाकांनी तो उचलून दिव्यापाशी धरला. “वीरेश, आपल्याच दुकानातल्यावाणी दिसायलाय की.”

वीरेश खाली बघत होता. “त्या बारक्या कार्डात मावलं तेवढं बसलं,” तो हळूच म्हणाला, “बाकी सांडलं.” त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा खरं बोलला, आणि मला त्याची दया आली.

“जुनी कुठंय?” वर्षाराणीने विचारलं.

सगळ्यांनी पाटाकडे बघितलं. सरजाबाई उठल्या, त्यांनी पाटाला हात जोडले आणि मला उचलून सुनेच्या हातात दिलं. “आता घे. पूजा पावली का न्हाई बघ.”

पूजा माझ्या तोंडात वाळून बसली होती. वीरेश धावत खणातला फवारा घेऊन आला, सील फोडलं, दाबलं. फुस्स झालं आणि काहीच आलं नाही. ठेवून ठेवूनच तो संपला होता. वर्षाराणीने दात घासायचा जुना ब्रश आणला आणि तोंड खाली करून एकेक कण झाडून काढला. घाई केली नाही. मग केबल लावली.

मी फिरले नाही. तिने काढून परत झाडलं, परत लावलं. खरं सांगते, मी सगळा जीव एकवटला होता. एक गचका बसला, तबकडी हलली, आणि माझी ती घरघर सुरू झाली, जिला वीरेश म्हातारीचं घोरणं म्हणायचा. टीव्हीवर ओढणी चावणारी मुलगी आली. “एम्मे म्हणजे म्हैस.”

वर्षाराणी टीव्हीसमोर बसून रडली. सरजाबाई टीव्हीकडे बघून म्हणाल्या, “पोरगी गुणाची हाय.”

दुसऱ्या दिवशी मी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून एसटीने लातूरला गेले. तिथल्या शिक्षकांना धडे पसंत पडले. पुनमच्या म्हशीला टाळ्या मिळाल्या.

वीरेश सुधारला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही छंदी माणूस बघितलेला नाही. आठवडाभराने कट्ट्यावर माझा कुंकवासकट फोटो आणि नवं मत आलं: “फिरत्या डिस्कला तोड न्हाई. मी आधीपासून सांगायलोय.” अंगठेही आले. पुढे त्याने आणखी एक एसएसडी मागवली, आणि ती तळहातावर घेऊन समाधानाने म्हणाला, “हलकी हाय. हलकी तीच खरी.”

मी मात्र आता थकले आहे. मधूनमधून माझ्या पोटात टक-टक वाजतं. त्या आवाजाचा अर्थ आमच्या जातीत सगळ्यांना माहीत आहे. वीरेशने कान लावून सांगितलं, “चांगलाय हा आवाज. मोटार बोलती म्हणजे जित्ती हाय.” वर्षाराणीने त्याचं ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी सगळे धडे शाळेच्या कॉम्प्युटरवर नेले, एक प्रत उदगीरला भावाकडे ठेवली, एक कपाटात साड्यांखाली. आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्येक धडा उघडून शेवटपर्यंत बघितला. पुनमची म्हैस तिने किती वेळा ऐकली असेल, तिलाच ठाऊक.

तुमच्या घरीही माझी एखादी बहीण खणात पडून असेल. तिचा वेग मोजू नका, तिला झगा शिवू नका, तिच्याबद्दल मत तर अजिबात बनवू नका. तिच्या पोटात जे तुमचं आहे त्याची आजच दुसरी प्रत करा आणि ती उघडून बघा. हळदीकुंकू लावायचं तर पाठीवर लावा.

माझं म्हणाल, तर माझी एकच इच्छा आहे. ज्या दिवशी माझी तबकडी थांबेल, त्या दिवशी वर्षाराणीने मला हातात घ्यावं, “गेली बिचारी” म्हणावं, आणि शाळेची गाडी चुकायला नको म्हणून लगबगीने निघावं. त्या घरात माझ्यासाठी कुणाला रडावं लागलं नाही, की माझ्या जन्माचं सोनं झालं.