मुळीचा अर्क

एका वेलीच्या मुळीतून अर्क काढता काढता ताईची बारा वर्षं गेली होती. परका अवयव बसवला की शरीर त्याला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतं. ते या अर्कानं थांबेल का, हाच तिचा ध्यास. शेवटी एकदाचं यश दिसलं. उंदरांना लावलेली परकी कातडी चाळीस दिवस टिकली.

त्या रविवारी ती धाकट्या भावाकडे जेवायला गेली, ती हवेत तरंगतच. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी बायकोनं त्याला आपलं एक मूत्रपिंड दिलं होतं. ते टिकावं म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्यांनी हात असे थरथरत की चिमट्यात स्क्रू धरवत नसे.

"म्हणजे ताई, तुझी मुळी या गोळ्यांना सुट्टी देणार तर!"

"देईलही. बघशील तू!"

'पण त्याला अजून खूप वर्षं आहेत, तोवर गोळी चुकवू नकोस,' हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भाऊ इतक्या कौतुकानं बघत होता की तिनं ते गिळलं.

चार महिन्यांनी भावजयीचा फोन आला. "ताई, ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. कुठूनशी ती मुळी आणून काढा घेत होते. गोळ्या निम्म्या केल्या, मला पत्ताही लागू दिला नाही. हातांची थरथर थांबली म्हणून किती खूश होते!"

थरथर थांबली होती ती गोळ्या कमी झाल्यामुळे. मुळीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

डॉक्टरांनी शर्थ केली, पण मूत्रपिंड गेलं ते गेलंच. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. एका दुपारी यंत्राशेजारी बसून ताईनं मन मोकळं केलं, "त्या दिवशी मी तुला बजावायला हवं होतं रे. मोठेपणा नडला माझा."

तो शिव्या देता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुझं औषध वाईट नाही गं. घाई मीच केली. पण तू सांगितलं असतंस ना, तर मी ऐकलं असतं."

भावजय खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळली नाही, आणि तिला हाक मारायचा ताईला धीर झाला नाही.