पाहुण्याच्या जाळ्याची कबुली

सुज्ञ वाचकहो, पुढील ओळींत मी एका तलावाची, एका पुस्तकाची आणि माझ्या मुखातून निघालेल्या एका असत्य वाक्याची हकिकत यथाक्रम निवेदन करणार आहे. तीत पराक्रम नाही. माझे शिक्षण नववी नापास इतकेच असल्याने भाषेत उणे आढळल्यास ते पदरात घ्यावे. घटनेत उणे राहू नये, असा प्रयत्न मी केला आहे.

आमचे गाव मोहाडी तालुक्यात, करडीच्या अलीकडे आहे. आम्ही ढिवर, मासेमारी हा आमचा वंशपरंपरागत व्यवसाय. गावचा तलाव आमच्या मच्छीमार सोसायटीकडे आहे. सहा वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या शाश्वत विकास विभागातील मंडळी या तलावाचा अभ्यास करण्यास आली. प्रतिक्षा मॅडम समाजशास्त्राच्या, एक सर पाण्याच्या शास्त्राचे आणि दुसरे सर वनस्पतींचे. त्यांचे म्हणणे असे, की तलाव हा कोणत्याही एका शास्त्राचा विषय नव्हे. पाणी, गवत, मासा आणि माणूस यांचा अभ्यास एकत्रच केला पाहिजे. दरवर्षी ते विद्यार्थी घेऊन येत आणि तलावाच्या पाळीवर, आंब्याखाली, आठ दिवस वर्ग भरवीत. मला पुस्तके वाचण्याचा नाद आहे हे पाहून त्यांनी मला ‘स्थानिक अध्यापक’ नेमले. त्याचे ओळखपत्र मी गळ्यात घालून बाजारातही जात असे. हेही लाजेचेच आहे, म्हणून सांगितले.

मी जे शिकवीत असे, त्यातील पुष्कळसे ज्ञान माझ्या मोठ्या भावाच्या विधवा पत्नी कुंतावहिनी यांचे होते. तलावाच्या दक्षिण कोपऱ्यात एक खोल जागा आहे, तिला आम्ही ओटीचा डोह म्हणतो. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की अंड्यांनी भरलेल्या मासोळ्या त्या डोहात येऊन राहतात. अक्षय्य तृतीयेला गावच्या बाया तेथे हळद-तांदूळ सोडतात, आणि त्या दिवसापासून पोळ्यापर्यंत डोहात कोणीही जाळे टाकीत नाही. हा नेम वहिनींनी तीस वर्षे सांभाळला. त्यांच्या हाती काठी नव्हती की कायदा नव्हता. त्या पाळीवर उभ्या राहिल्या की माणूस जाळे गुंडाळून परत फिरे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात वर्ग भरला होता. आदल्या दिवशी मी ओटीच्या डोहाचा नेम विद्यार्थ्यांना मोठ्या रसाळपणे समजावून सांगितला होता. दुसऱ्या दिवशी फेकजाळ्याचे प्रात्यक्षिक होते. मी उत्तरेकडे तीनदा जाळे फेकले. तीनही वेळा शिंपले आणि प्लास्टिकच्या पिशव्या वर आल्या. एका विद्यार्थ्याने हळूच विचारले, “काका, मासे सुट्टीवर गेलेत का?” मुले हसली. ते हसणे निर्मळ होते, परंतु माझ्या कानशिलांना त्याचा चटका बसला. गळ्यातील ओळखपत्र जड वाटू लागले. वहिनी त्या दिवशी लाखनीला लेकीकडे गेल्या होत्या. मी दक्षिण कोपऱ्याकडे चालू लागलो आणि ओटीच्या डोहात जाळे फेकले.

पहिल्याच जाळ्यात दोन मरळी आल्या. दोघींची पोटे फुगलेली होती. मुलांनी टाळ्या वाजविल्या, छायाचित्रे घेतली. तेवढ्यात रीना नावाची एक विद्यार्थिनी वही उघडून पुढे आली.

“काका, इथे पोळ्यापर्यंत जाळं टाकत नाहीत, असं कालच तुम्ही सांगितलंत ना?”

खरे बोलण्यास तो एक क्षण पुरेसा होता. मी म्हणालो, “बरोबर आहे. परंतु पाहुणा गावी आल्यास त्याच्या नावाने एक जाळे टाकण्याची मुभा आमच्या पूर्वजांनी ठेवलेली आहे. त्यास पाहुण्याचे जाळे म्हणतात.”

असा रिवाज आमच्याकडे कधीही नव्हता. तो मी त्या क्षणी, ओल्या जाळ्यासह उभा असताना रचला. रीनाने तो शब्दशः लिहून घेतला, आणि नियम असूनही त्यात माणुसकीला जागा आहे, हे पाहून प्रतिक्षा मॅडमच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मला आजही आठवतो.

पुढील फेब्रुवारीत विभागाचे पुस्तक छापून आले. चौतिसाव्या पानावर माझे छायाचित्र आणि त्याखाली ‘पाहुण्याचे जाळे’ या रिवाजावर दीड पान मजकूर होता. लोकांचे नियम ताठर नसतात, त्यांत सवलत असते, म्हणूनच ते टिकतात, असा त्याचा आशय. जिल्ह्यातील अनेक सोसायट्यांना हे पुस्तक पाठविण्यात आले. मी ते पान पीठगिरणीवर, ग्रामपंचायतीत, जेथे दोन माणसे भेटतील तेथे वाचून दाखविले. वारंवार वाचल्याने ते मलाही खरे वाटू लागले होते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोसायटीची बैठक झाली. ताराचंद हा आमचा सभासद पुस्तक काखेत मारून आला आणि म्हणाला, की त्याच्या घरी बपेऱ्याचे पाहुणे आले आहेत, सबब ओटीच्या डोहात त्यांच्या नावाचे एक जाळे टाकू द्यावे. मागून सेवकराम म्हणाला, “मंग मले बी टाकू द्या. माही बायको दोन महिन्यांनं माहेरून आली. आता तेच पाहुणी आहे.” बैठक हसली.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ताराचंदकडे पाहिलेही नाही. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, तुमी शिकलेले आहा. पुस्तकात तुमचा फोटू आहे. तुमच्या बापानं कधी टाकलं होतं का जी पाहुण्याचं जाळं? तेवढंच सांगा.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझे वडील त्या डोहाजवळून जाताना चपला हातात घेत असत. ते मला ठाऊक होते, आणि वहिनींनाही ठाऊक होते. मी म्हणालो, “विद्यापीठाने छापले आहे, म्हणजे विचार करूनच छापले असेल.”

वहिनी उठून गेल्या. त्यानंतर पोळ्यापर्यंत गावात इतके पाहुणे आले, की तेवढे लग्नसराईतही येत नाहीत.

त्या वर्षीचा वर्ग भाद्रपदात भरला. मरळीची पिले लहानपणी लालसर असतात आणि थव्याने पाण्याच्या वर येतात. मायबाप खालून राखण करीत फिरतात. एरवी या दिवसांत असे थवे पाळीवरून सहज दिसतात; विद्यार्थ्यांना ते मोजावयाचे होते. त्या वर्षी चार दिवसांत एकही थवा दिसला नाही. मग आंब्याखाली चर्चा झाली. पाण्याचे सर म्हणाले, उन्हाळ्यात पाणी फार तापले असावे. वनस्पतींचे सर म्हणाले, काठावर बेशरमाची झुडपे माजल्याने पिलांना आसरा उरला नाही. मॅडमना शंका आली, की तलावात सोडलेल्या बाहेरच्या माशांच्या बीजामुळे असे झाले असेल. विद्यार्थ्यांनी तीन मोठ्या कागदांवर तीन कारणे लिहून झाडाला टांगली. तीन विद्वान उन्हात घाम पुसत ज्याचा शोध घेत होते, ते कारण त्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले होते.

रीना आता विभागात संशोधन करीत होती. तिने मला विचारले, “काका, तुम्हाला काय वाटतं?”

मी गळ्यातील ओळखपत्र काढून सतरंजीवर ठेवले. पुस्तकी भाषा त्या वेळी तोंडी आली नाही. मी म्हणालो, “बाई, मले वाटून नाही राहिलं, मले मालूम आहे. पाहुण्याचं जाळं म्हणून काही नाही. तुमी हसले म्हणून मी खोटं बोललो. ते तुमी छापलं, आन् गावानं डोह उपसला.”

मला वाटले होते, कोणीतरी रागावेल. कोणीही रागावले नाही. मॅडम म्हणाल्या, की एकाच माणसाच्या सांगण्यावर दीड पान लिहिणे ही त्यांची चूक आहे. त्यांनी कुंताबाईंना विचारावयास हवे होते. माझ्या पापाचा वाटा त्यांनी उचलला, तेव्हा माझी मान अधिकच खाली गेली.

विभागाने दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापल्या. चौतिसाव्या पानावरील रिवाज खरा नाही, एवढाच मजकूर, आणि खाली माझी सही. ज्या ज्या सोसायटीत पुस्तक गेले होते, तेथे जाऊन ती चिठ्ठी मी स्वहस्ते चिकटवावी, असे मीच सुचविले. लाखनीपर्यंत सायकलने हिंडलो. करडीपलीकडच्या एका गावी खेमराज नावाच्या वृद्ध सभासदाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि शांतपणे विचारले, “आता काहून आणली गा? आमाले रिवाज चांगला वाटला. औंदा आमी बी पाहुण्याची जाळी टाकली.” त्यांच्याकडेही राखलेला डोह होता. मी चिकटविलेली चिठ्ठी वाकडी बसली.

यंदा आंब्याखालचा वर्ग कुंतावहिनींनी घेतला. ओळखपत्र गळ्यात घालण्यास त्यांनी नकार दिला. त्यांनी मला काम नेमून दिले आहे: अक्षय्य तृतीयेपासून पोळ्यापर्यंत डोहाच्या काठी बसणे आणि जाळे घेऊन येणाऱ्यास परत पाठविणे. मी बसतो. येणारेजाणारे विचारतात, “का गा मास्तर, पाहुणे आले का?” थवा अजून दिसलेला नाही.

हे लेखन पूर्ण झाल्यावर मी ते वहिनींना वाचून दाखविले. त्या सूप बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “समदं लिवलं. माह्या वाटीचं नाही लिवलं.”

ते मी लिहिले नव्हते. आता लिहितो. त्या दिवशी जाळ्यात आलेल्या दोन मरळींपैकी एक मी घरी आणली होती. सायंकाळी वहिनी लाखनीहून परतल्या, तेव्हा त्या मरळीच्या अंड्यांची भाजी वाटीत घालून मी त्यांच्या घरी दिली, आणि बाजारातून आणली असे सांगितले. प्रवासातून थकून आलेल्या वहिनी ती जेवल्या, आणि वाटी घासून परत देताना, चव चांगली होती असे म्हणाल्या.

वाचकहो, आपण येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला,
यादोराव मारबते