पाणी शिरू नये म्हणून

“हा मोठा पान्हा तरी काढा बॅगेतून,” मी म्हणाले, “नाहीतर मला काढा. दोघांचं वजन मिळून फार होतंय.”

ह्यांनी पान्हा उचलला, हातात तोलला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पान्हा पुन्हा बॅगेत ठेवला. मी काय ते समजले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईने पान्ह्याशी बरोबरी करायला जाऊ नये.

पलंगावर आमचा अर्धा संसार पसरला होता. उरलेला अर्धा लोकांच्या घरी गेला होता. कपाट शेजारणीने नेलं, तेव्हा त्याच्यामागे भिंतीचा मूळचा रंग दिसला आणि थोरली म्हणाली, “आई, आपलं घर आधी असं छान होतं?” माझं शिवणाचं मशीन दवाखान्याच्या सिस्टरांनी घेतलं. त्याच मशीनवर मी त्यांच्या वॉर्डातल्या चादरींना आणि अभ्र्यांना वर्षानुवर्षं टिपा मारल्या होत्या, त्यामुळे ते सासरहून माहेरी गेल्यासारखंच झालं.

आम्ही मिशनवर निघालो होतो. तिकडे चर्च होतं, शाळा होती, छोटा दवाखाना होता. फक्त पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण खोल जमिनीत, आणि ते वर आणणारे पंप एकामागून एक बंद पडले होते. बिशपांच्या कार्यालयातून फादरांकडे विचारणा आली, की उपदेश करणारे पुष्कळ आहेत, पंप दुरुस्त करणारं एखादं श्रद्धावान कुटुंब पाच वर्षांसाठी येईल का. फादरांनी रविवारची मिस्सा संपल्यावर आमच्याकडेच बघितलं. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. ह्यांचा हात लागला की दगडाला पाझर फुटेल, पण पंपाला फुटणार नाही, असं वर्कशॉपमध्ये म्हणतात. गळती ह्यांना सहनच होत नाही. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो आणि नळ टिपटिपत असला, तर चहा येईपर्यंत हे नळाखाली बसलेले असतात.

ह्यांनी त्याच दिवशी होकार दिला. आमच्याकडे जेवणाआधी प्रत्येकाने एकेका गोष्टीचे आभार मानायचे, हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम. रोज नवी गोष्ट हवी, कालची चालत नाही. मी बहुधा “गॅस संपला नाही” किंवा “कोणी पाहुणा आला नाही” असलं काहीतरी म्हणते आणि थोरली हसू दाबते. त्या दिवशी हे डोळे मिटून म्हणाले, “प्रभू, तू मला उपयोगी ठरवलंस, त्याबद्दल.” आवाज इतका भरून आला होता की मला थट्टा सुचली नाही.

मी मात्र एक अट घातली. “टिल्लूला भिंतीत ठेवल्याशिवाय मी इथून पाऊल उचलणार नाही.”

टिल्लू आमचा धाकटा. तीन वर्षांचा होऊन गेला. ताप डोक्यात चढला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. त्याला जाऊन आता सात वर्षं होत आली.

आमच्या कबरस्थानात जागा थोडी आणि मेलेले फार. त्यामुळे तिथली कबर कायमची कोणाची नसते. ठरावीक वर्षं झाली की ती उघडतात, हाडं धुऊन पुसून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि वर नावाची छोटी फरशी बसवतात. त्या वेळी घरचं कोणी हजर नसेल, तर हाडं मागच्या बाजूच्या सामाईक खड्ड्यात जातात. टिल्लूची मुदत पुढच्या वर्षी संपत होती आणि आम्ही तोवर तिकडे असणार होतो. माझ्या पोराने अनोळखी म्हाताऱ्यांच्या ढिगात पडून राहायचं, हे मला पटणं शक्यच नव्हतं. फादरांनी मुदतीआधी कबर उघडायची परवानगी दिली. मी पांढऱ्या कापडाची पिशवी शिवली. उशीच्या अभ्र्यापेक्षा थोडी लहान. मशीन सिस्टरांकडे जाण्यापूर्वी त्यावर शिवलेली ती शेवटची वस्तू.

शनिवारी सकाळी थोरलीला शेजारी ठेवून आम्ही दोघं कबरस्थानात गेलो. तिथे कबरी खणणारा म्हातारा आहे. त्याला सगळं गाव मामा म्हणतं. ‘मामाच्या गावाला सगळ्यांनाच जायचंय,’ हा विनोद तो स्वतःच करतो, म्हणून दुसऱ्या कोणाला करायची सोय उरत नाही.

“काळजी करू नका,” मामा फावडं सावरत म्हणाला. “मोठ्या माणसांचं कधीकधी राहून जातं. लेकरांची माती लवकर होते. हाडं पिसासारखी हलकी निघतात. तुम्ही त्या झाडाखाली बसा, बाई.”

मी बसले नाही. पिशवी दोन्ही हातांत धरून उभी राहिले. हे कबरीच्या कडेला गुडघ्यावर बसून जपमाळ ओढत होते. मामा खणत होता. माती खाली खाली ओली होत गेली. आमच्याकडची ती जमीन सखल आहे, थोडं खोल गेलं की तळाला पाणी झिरपायला लागतं.

मग फावडं टक्कन वाजलं.

मामा थांबला. पुन्हा एकदा हलकेच मारून पाहिलं. पुन्हा तोच आवाज, बंद दारावर थाप मारावी तसा. तो खाली वाकला आणि हातांनी चिखल बाजूला केला. मी पुढे होऊन पाहिलं. पेटीचं झाकण जसंच्या तसं होतं. पॉलिशसुद्धा कुठेकुठे चमकत होतं. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये चहूबाजूंनी एक काळी रेघ होती.

“ही पेटी कोणी केली?” मामाने विचारलं.

“मी,” हे म्हणाले. खोटं कशाला सांगू, त्या ‘मी’मध्ये किंचित अभिमान होता.

“आणि हे काळं?”

“रबरी पॅकिंग आहे. पंपाला लावतात तसं. पाणी शिरू नये म्हणून.”

मामाने डोक्यावरची टोपी काढली आणि कबरीतच, पेटीच्या बाजूला, मटकन बसला.

मला सगळं आठवलं. टिल्लूला डोक्यावरून पाणी घेतलेलं खपायचं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी कपाळावर पाणी ओतलं, तर ह्या पठ्ठ्याने असा टाहो फोडला की फादरांच्या हातातलं भांडं हिंदकळलं. केस धुवायचे म्हटलं की घरात रणकंदन. शेवटी ह्यांनी युक्ती काढली. त्याच्या भुवयांच्या वर आपला तळहात आडवा धरायचा, छपरासारखा, म्हणजे पाणी मागे जातं आणि डोळ्यांत उतरत नाही. ह्यांचा हात असला की टिल्लू गप्प. माझा हात चालायचा नाही. “बाबांचं छप्पल,” म्हणायचा. तो गेला त्या दिवशी हे कोणाशी एक शब्द न बोलता वर्कशॉपमध्ये गेले आणि पेटी करून घेऊन आले. सांध्यासांध्यात लुकण भरलेलं, झाकणाला पॅकिंग, वरून स्क्रू. लोक म्हणाले, दुःखाने डोकं फिरलंय. मला मात्र तेव्हा बरं वाटलं होतं. त्या ओल्या जमिनीत माझं पोर कोरडं राहील, एवढाच विचार मी करू शकत होते.

“मामा, नीट सांगा,” मी म्हणाले.

“काय सांगू, बाई? मातीला आत शिरायला वाट लागते. हवा लागते, पाणी लागतं. इथे काहीच गेलेलं नाही.” तो ह्यांच्याकडे न बघता म्हणाला, “तुमचं पोर अजून पोचलं नाहीये.”

कोणीतरी तोंडात मारावी तसे हे बसल्या जागी मागे सरकले. जपमाळ चिखलात पडली.

आणि मी काय केलं? मी कबरीत उतरले. माझ्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट होती, की झाकणाच्या आत टिल्लू आहे. हाडं नव्हे, टिल्लू. माझा हात स्क्रूकडे गेला, तेव्हा मामाने माझं मनगट धरलं. चिखलाने भरलेला, म्हाताऱ्या माणसाचा हात, पण पकड अशी की मला सोडवता येईना.

“नाही,” तो म्हणाला. “माझ्या मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो. जन्मभर हेच काम केलंय मी. तुझ्या डोळ्यांपुढे जो आहे, तोच राहू दे.”

मी रडले. ओरडले असेन. शेवटी मामाने मला वर चढवलं.

“मग आता काय करायचं?” ह्यांनी विचारलं. आवाज ह्यांचा वाटत नव्हता.

“भोकं पाडायची. वरून, कडेने, जमेल तितकी. हे रबर काढून टाकायचं. पाणी आत जाऊ द्यायचं. दोनतीन वर्षांत होईल सगळं नीट. मग मी काढीन, धुईन आणि कोनाड्यात ठेवीन. फादरांना मी सांगतो, खड्ड्यात नाही जाऊ देणार.”

“तुम्ही ठेवाल?” मी विचारलं.

“मी असलो तर. नसलो तर माझा जावई आहे. त्याला दाखवून ठेवतो.” मग म्हणाला, “जा तुम्ही दोघं. मी उरकतो.”

हे उठून एकटेच घरी गेले. मला वाटलं, परत येत नाहीत. आले, ते गिरमिट आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मिशनच्या बॅगेत तळाशी घातलेली हत्यारं सगळं उपसून काढली होती. मामाने हात पुढे केला, तर ह्यांनी दिलं नाही. म्हणाले, “बंद मी केलंय.”

मी तिथेच उभी राहिले. जन्मभर लोकांच्या गळत्या बंद करणारा माझा नवरा पोराच्या पेटीवर ओणवा होऊन गिरमिट फिरवत होता. एक भोक, मग दुसरं. लाकडाचा भुसा पिवळाधमक, कोरडा ठणठणीत निघत होता. प्रत्येक भोकानंतर ते थांबायचे, श्वास घ्यायचे आणि पुढच्या भोकाची जागा अंगठ्याने चाचपायचे. सवयीप्रमाणे सारख्या अंतरावर. मग स्क्रू ड्रायव्हरने ती काळी पट्टी सोलून काढली. वास आला का, काही दिसलं का, ते मी सांगणार नाही. ती आमच्या तिघांची गोष्ट आहे आणि चौथ्या मामाची. एवढंच सांगते, की पट्टी निघताच कडेचं झिरपलेलं पाणी हळूच आत जाताना मी पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. ह्यांचा हात पुढे झाला आणि ह्यांनी तो मागे घेतला.

मामाने माती लोटली. मी रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली.

फाटकाजवळच्या बाकावर हे खाली बसले. “नको जाऊ या आपण,” म्हणाले. “मी फादरांना सांगतो. तुझी अट होती. ती पुरी झाली नाही. आणि मी कसला मिशनरी? मातीचं ते मातीला जातं, म्हणून दर राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतो मी. आणि माझ्याच पोराच्या वेळी मला ते देवावर सोपवता आलं नाही.”

सकाळपर्यंत मला मनातून हेच ऐकायचं होतं. रागही आला होता. ह्यांचा, मामाचा, त्या ओल्या जमिनीचा, आणि हो, देवाचाही. कृतज्ञता वगैरे शब्द मला त्या वेळी तोंडाजवळही नको होते. पण मी ह्यांच्या हातांकडे पाहिलं. त्या हातांत ती रबरी पट्टी अजून होती, आणि नकळत ते तिच्यावरचा चिखल पुसून तिला सरळ करत होते.

मला लख्ख दिसलं. इथे राहिलो तर हे रोज कबरीवर येतील. पाऊस पडला की येतील. आणि एक दिवस, मला न सांगता, ती भोकं बुजवून टाकतील. गळती ह्यांना सहन होत नाही.

“जायचं,” मी म्हणाले. “तिकडे लोकांना पाणी नाहीये. आणि इथे तुम्हाला पाण्याजवळ ठेवण्यात अर्थ नाही.”

“आणि टिल्लू?”

“टिल्लू मामाकडे,” मी म्हणाले आणि पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली. काळजावर दगड ठेवणं म्हणतात ते काय, ते मला त्या बाकावर कळलं. फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात मी ती पट्टी टाकली.

त्या दिवशी जेवायला बसलो. थोरलीने पहिले आभार मानले, शेजारच्या काकूंनी तिला जुनी छत्री दिली म्हणून. मग ह्यांची पाळी. हे डोळे मिटून बसले. थोरली माझ्याकडे बघायला लागली. जेवण थंड होत होतं.

“बाबांचं मी म्हणते,” मी म्हणाले. काय म्हणणार होते ते मला माहीत नव्हतं. “प्रभू, टिल्लूच्या बाबांनी पेटी फार चांगली केली होती. त्याबद्दल आभार.”

“आमेन,” थोरली म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. हे ताटावर वाकून रडले, तसेच रडत रडत जेवले. मी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पाठवणीची मिस्सा होती. चर्च भरलं होतं. मामाही शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही तिघं वेदीपुढे उभे राहिलो. फादरांनी आमच्या गळ्यात एकेक लाकडी क्रूस घातला, लोकांना आमच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि मग पवित्र पाण्याचं भांडं हातात घेतलं. पहिले थेंब थोरलीवर पडले. ती हसली. मग माझ्यावर. मग फादरांचा हात ह्यांच्या दिशेला वळला.

ह्यांनी डोळे मिटले नाहीत, मान झुकवली नाही. फक्त डावा हात बाजूला झाला आणि कमरेपाशी हवेत थांबला. तळहात आडवा, छपरासारखा. टिल्लू आज असता तर तो हात त्याच्या छातीशी आला असता. पण ह्यांना ती जुनीच उंची ठाऊक होती.

फादरांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. थेंब ह्यांच्या हाताच्या पाठीवर पडले आणि बोटांवरून ओघळून खाली फरशीवर गेले. गाणं सुरू झालं, लोक उभे राहिले, तरी हात तिथेच होता. मीही ‘खाली घ्या’ म्हणाले नाही.