डेरेक ओल्ड्रॉइडचा सोल

स्केलबीच्या ट्रॅकवर दर उन्हाळ्यात डेरेक ओल्ड्रॉइड स्मृतिचषकाच्या शर्यती होतात. चषक आपला म्हणायला. ओकच्या ठोकळ्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला पोलादी सोल आहे तो, डेरेकचा स्वतःचा. आमच्या पोरांच्या मोटारसायकलींना ब्रेक नसतात. वळणावर गाडी आडवी घालायची आणि डावा पाय मातीवरून घसरत न्यायचा, म्हणून डाव्या बुटाखाली असा सोल पट्ट्याने आवळून बांधतात. तिसऱ्या वळणावर कुंपणाच्या फळ्यांवर आदळून डेरेक गेला, तेव्हाही तो त्याच्या पायात होता.

मी हिल्डा. गाड्यांच्या आवाराला लागून चहाची टपरी आहे ती माझी, त्यामुळे सगळ्यांचं सगळं मला आधी कळतं. डेरेकची आई विनी माझी जुनी मैत्रीण. जिंकणाऱ्याने चषक मिरवायचा आणि विनीकडे परत द्यायचा, अशी पद्धत. वर्षभर तो तिच्या खिडकीत असतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती तो मऊ फडक्याने पुसते, पण घासत नाही. खालच्या बाजूला डेरेकच्या शेवटच्या शर्यतीचे ओरखडे आहेत. ते जायला नकोत म्हणून.

आता आमच्या लोकांचं शहाणपण ऐका. चषकाचे नियम समितीच्या पिकर्सगिल साहेबांनी केले. केले म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी चषकाचे जसेच्या तसे उतरवले. त्यात सगळीकडे असतं तेच कलम आलं: जो तीनदा जिंकेल, चषक कायमचा त्याचा. चांदीच्या कपाला ते ठीक आहे. पण हा पोराचा सोल गेला तर आईकडे काय राहणार, हा विचार त्या गृहस्थाच्या मनाला शिवला नाही. कोणी तीनदा जिंकेल असं वाटलंच नव्हतं कोणाला.

आणि पाहुण्या मार्स्टन क्लबचा बॅरी ट्रँटर दोनदा जिंकून बसला.

आमची पोरं मात्र आपल्याच ट्रॅकवर, आपल्याच चषकाला दर वर्षी मार खायची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडातून कोणी काढत नव्हतं. तिसऱ्या वळणाला कुंपणालगत आमचं कोणी जायचंच नाही. डेरेकची जागा ती, आदराने सोडलेली. शर्यती होत जातात तशी सैल माती उडून बाहेरच्या बाजूला साठते आणि चाकाला पकड तिथेच मिळते. पाहुणे तिथूनच आमच्या नाकावर टिच्चून पुढे निघायचे. विनी तर मैदानाच्या मधल्या हिरवळीवर बसायची तीसुद्धा त्या वळणाकडे पाठ करून.

यंदा शर्यतीच्या दुपारी मी तिला म्हटलं, "अगं, पिकर्सगिलला सांग ना ते कलम काढायला. दोन ओळींचं काम आहे."

"नियम आहे तर आहे. डेरेक कधी रडीचा डाव खेळला नाही. त्याच्या नावावर मी खेळू?"

तेवढ्यात ट्रँटर चहाला आला. उंच, देखणा आणि तोंडाने फटकळ, पण मनाचा वाईट नाही. कप हातात घेऊन घुटमळत म्हणाला, "मिसेस ओल्ड्रॉइड, मी जिंकलो ना, तर सोल तुम्हालाच परत आणून देईन. शप्पथ."

"भीक नकोय मला," विनी म्हणाली. "जिंकलास तर घेऊन जा. आणि त्यावर धूळ बसू देऊ नकोस."

तो गेला. विनीने चहा न पिताच कप खाली ठेवला. मला रडू कोसळलं, तर ही माझ्यावरच डाफरली, "बन जळतायत तुझे, तिकडे बघ!"

आमच्याकडून आशा धरावी असा एकच माणूस होता, क्लिफ गारसाइड. पेशाने प्लंबर, डेरेकचा जिवलग. दोघं एकाच दिवशी पहिल्यांदा गाडीवर बसले, बूट एकाच दुकानातून घेतले आणि सोलही एकाच लोहाराकडून ठोकून आणले. क्लिफचे पाय डेरेकसारखेच लहान. "बायकोचे बूट घालून आलास का रे?" म्हणून पोरं त्याला छळायची. आता त्याचे गुडघे बोलायला लागले होते, आणि हा मोसम संपला की बस्स, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी गड्याने कमाल केली. दर वेळी सुरुवातीची फीत वर उडाली की हा पहिला, आणि मग कोणाला पुढे जाऊच द्यायचं नाही. तिसऱ्या वळणाला आतूनच जायचा, पण तोवर इतका पुढे असायचा की भागून जायचं. सगळ्या शर्यती संपल्या तेव्हा ट्रँटरचे आणि त्याचे गुण सारखे. म्हणजे आता दोघांचीच निर्णायक शर्यत. स्टँडमध्ये लोक बाकांवर उभे राहिले.

आणि क्लिफ लंगडत आवारात आला. त्याचा सोल मधोमध तडकला होता, अर्धा लोंबत होता.

सोलाशिवाय धावणं म्हणजे पाय मातीत रुतवून मोडून घेणं. दुसऱ्यांचे सोल आणले, पण ज्याचा त्याच्या बुटावर ठोकलेला. क्लिफच्या पायात एकेक होडीसारखा डुलायला लागला.

"जादाचा कुठाय तुझा?" मी ओरडले.

"घरी. गॅरेजात."

प्लंबरच तो. अवजार नेहमी घरी विसरणार. तोवर पंचांनी भोंगा वाजवला. दोन मिनिटांत फितीपाशी हजर नाही झालास तर बाद. म्हणजे ट्रँटरने एकट्याने चार चकरा मारायच्या आणि सोल मार्स्टनला.

मी हिरवळीकडे पाहिलं. विनी उठली होती. टेबलावरचा चषक उचलून, छातीशी धरून, ट्रॅक ओलांडून तरातरा येत होती. सत्तरीची बाई, पण मध्ये येणारे आपोआप बाजूला झाले.

"स्क्रू ड्रायव्हर," ती क्लिफला म्हणाली. "का तोही घरी?"

तो निघाला खिशात. पहिला स्क्रू सुटला तसे पिकर्सगिल धापा टाकत पोचले. "अहो विनीबाई, असं नाही करता येत! जो चषक जिंकायचा, तोच पायात घालून कसं धावणार?"

"कुठल्या कलमात लिहिलंय? नियम तुमचेच आहेत ना, दाखवा."

पिकर्सगिल खिशात नियमांचा कागद शोधायला लागले. हेल्मेट चढवून गाडीवर बसलेला ट्रँटर तिथूनच म्हणाला, "घालू द्या हो! गाडीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला हरवलं म्हणून घरी काय तोंड दाखवू मी?"

तेव्हापासून ट्रँटरला माझ्याकडे चहा फुकट आहे.

विनी मातीत गुडघे टेकून बसली. सोल क्लिफच्या बुटाखाली सरकवला. चपखल बसला. पट्टा आवळता आवळता ती म्हणाली, "हा सोल एकच रस्ता जाणतो, क्लिफर्ड. बाहेरचा."

"विनी आंटी, पण तिथे..."

"तिथे माझा पोरगा पुढे जायला गेला होता, झोपायला नव्हता गेला. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या जागेचं थडगं केलंत, आणि मीही पाठ करून बसले. पुरे झालं आता."

क्लिफने डोळे पुसले, चष्मा ओढला आणि गाडी ढकलायला मेकॅनिकला खूण केली.

फीत उडाली आणि ट्रँटर पुढे. आतली जागा त्याची होती. पहिली चक्कर, दुसरी चक्कर, क्लिफ त्याच्या मागच्या चाकाची माती खातोय. तिसऱ्या वळणाला दर वेळी आत वळतोय आणि दर वेळी दोन हात मागे पडतोय. "बाहेरून! अरे मुडद्या, बाहेरून!" मी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी बोंबलत होते. विनी माझ्याशेजारी कठड्याला धरून उभी. तोंड सरळ तिसऱ्या वळणाकडे, डोळे उघडे.

शेवटची चक्कर. क्लिफने गाडी वळणाच्या आधीच बाहेर काढली. स्टँडमध्ये कित्येकांनी डोळे झाकले. त्याने वेग कमी केला नाही, उलट वाढवला. गाडी आडवी झाली, मागच्या चाकाने कुंपणाच्या फळ्यांवर तडातडा माती मारली. डेरेकचा सोल मातीत रेघ ओढत डेरेकच्याच जागेवरून गेला आणि पलीकडे निघाला. क्लिफ सुखरूप होता आणि ट्रँटरच्या बरोबरीला आला होता. मग सरळ पट्टा. अर्ध्या चाकाने जिंकला हो, अर्ध्या चाकाने!

मग काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. माणसं टोप्या उडवत होती, पिकर्सगिल मला मिठी मारत होते, माझे बन कोणी खाल्ले देव जाणे. ट्रँटरने क्लिफला खांद्यावर घेतलं आणि ओरडला, "मला निदान लाकडाचा ठोकळा तरी द्या रे!"

क्लिफ खाली उतरला तो थेट विनीकडे आला. सोल काढून दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरला. अजून गरम होता. तिने तो उलटा केला. खालची बाजू लख्ख झाली होती. डेरेकचे ओरखडे गेले होते. इतकी वर्षं जपलेले, सगळे.

"विनी आंटी, मला सुचलंच नाही," क्लिफ म्हणाला. "माफ करा मला."

विनीने त्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. तिचा चेहरा मी इतका उजळलेला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"वापरातला दिसतोय," ती म्हणाली. "त्याच्या पायात असाच असायचा, दर शनिवारी. बांध परत. मिरवायचा तर पायात मिरव. आणि हा मोसम शेवटचा वगैरे बोलायचं नाही. पुढच्या वर्षी हा राखायचाय तुला."

"माझे गुडघे, आंटी..."

"गुडघ्यांना कोण विचारतंय?"

विजेत्याची फेरी आमच्याकडे ट्रॅक्टरमागच्या गाड्यावरून निघते. विनीला दर वर्षी बोलावतात आणि ती दर वर्षी नको म्हणते, कारण ट्रॅक्टर त्या वळणावरून जातो. त्या दिवशी कोणी बोलवायच्या आधीच ती चढून बसली. मलाही ओढून घेतलं. एका बाजूला क्लिफ, दुसऱ्या बाजूला ठोकळा मांडीवर घेतलेला ट्रँटर.

तिसरं वळण जवळ आलं तसा ट्रॅक्टरवाल्या ॲम्ब्रोजने बिचाऱ्याने सवयीने आत वळवायला घेतलं. विनीने पुढे वाकून त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"बाहेरून घे रे," ती म्हणाली. "आमच्याकडे बाहेरूनच जातात."