राळ लावलेली जीप

माझा भाऊ रामू आणि मी एकमेकांचं तोंड बघत नाही, हे चिंचणीच्या किनाऱ्यावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. तो समोरून आला की मी बाजूच्या गल्लीत वळतो, आणि मी समोरून आलो की तो थुंकतो. भांडण लहानपणापासूनचं. पण आठ वर्षांपूर्वीपर्यंत निदान एका घरात राहून भांडायचो.

मी मच्छीमाराच्या पोटी जन्मलो आणि मला समुद्र लागतो. होडी कोसभर आत गेली की पोट ढवळतं, मग जाळं ओढायचं सोडून मी काठावर ओणवा. बाबा होते तोवर त्यांनी मला वाळत घातलेल्या बोंबलांची राखण दिली होती. बाबा गेले, रामू तांडेल झाला, होडी त्याच्या हुकमावर चालू लागली, आणि त्यानं मला पुन्हा होडीवर चढवलं. "ओकून ओकून सवय होईल," म्हणाला. दोन मोसम मी ओकलो. खलाशी हसायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं रामू हसायचा. ते हसणं मी विसरलेलो नाही, आणि विसरायचंही नाही.

जीप मला छप्पन्न साली घोलवडला मिळाली. लढाई संपल्यावर लष्करानं विकून टाकलेल्या गाड्यांपैकी ती एक. एका चिकूवाडीच्या मालकानं घेतली, बंद पडली तशी झाडाखाली टाकून दिली. मागच्या भागात कोंबड्या अंडी घालत होत्या. "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल," मालक म्हणाला. बैल जुंपून ती चिंचणीला आणली तेव्हा मागं अख्खा गाव वरातीसारखा चालला होता. रामू दारात उभा होता. "बैलांनी ओढायची मोटार आणली," म्हणाला, आणि सगळे खिदळले.

मी पण इरेला पेटलो. त्या वाडीवर झरी गावचा पांड्या ड्रायव्हर होता. गवताच्या ठेकेदाराच्या लॉरीवर क्लीनर राहून राहून शिकलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी तो यायचा आणि मला एकेक पुर्जा उघडून दाखवायचा. सुटे भाग मुंबईशिवाय मिळत नव्हते, आणि मुंबईत जाऊन ते ओळखायची मला अक्कल नव्हती. मग जे हाताशी होतं तेच लावलं. तुटलेला कमानपाटा काथ्याच्या दोरानं आवळून बांधला. कुजलेल्या पत्र्याच्या जागी मोडीत निघालेल्या होडीच्या सागवानी फळ्या मारल्या. छत फाटक्या शिडाचं. धुराची नळी पाण्यात बुडू नये म्हणून डब्यांचे पत्रे वळवून तिला वर डोक्यापर्यंत नेलं. चिखलात घसरू नये म्हणून टायरांना होडीच्या नांगराचा जुना दोर गुंडाळला. पाण्यात शिरायच्या आधी पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनावर उडवतो, हेही पांड्यानंच शिकवलं. आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीकसं भोक असतं, ते दाखवून म्हणाला, "ह्ये कधी बुजू देऊ नको. पेट्रोल जातं तशी हवा आत याया पायजे. नायतर गाडी गुदमरून मरंल."

सात महिन्यांनी इंजिन सुरू झालं. त्या दिवशी मी रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

आणि त्याच दिवशी रामूची नजर फिरली. डहाणू बंदरात तेव्हा दोनचार होड्यांना इंजिनं बसली होती. त्या इंजिनवाल्या होड्या शिडाच्या होड्यांच्या आधी जाऊन, आधी परत येऊन, मासळी विकून मोकळ्या व्हायच्या. आमची होडी मागं पडत होती. रामूनं कुठल्याशा मिस्त्रीला विचारून ठेवलं होतं की जीपचं इंजिन होडीला बसतं. सात महिने ज्याला तो भंगार म्हणत होता, ते आता त्याला घराचं वाटायला लागलं.

"इंजिन होडीत बसवायचं," त्यानं जेवताना सांगून टाकलं. "आनि तू पन होडीवर यायचं. इंजिन तुलाच कळतं."

गाडी गेली की मी पुन्हा त्या होडीच्या काठावर ओणवा, जन्मभर. मी ताट ढकललं. म्हणालो, "इंजिनाला हात लावलास तर मनगट तोडीन." तो उठला, मी उठलो, चंद्रावहिनी मध्ये पडली म्हणून हातघाईवर आलं नाही.

शेवटी आयनं निकाल दिला. आमची आय, पुतळी, सुकी मासळी घेऊन तलासरी-झरीच्या बाजारांना जायची. पावसाळ्याच्या आधीचा झरीचा बाजार तिच्यासाठी वर्षाचा मोठा बाजार. रानातले लोक चार महिन्यांची सुकट त्याच दिवशी भरून घेतात. ती म्हणाली, "सदू, माल झरीला गाडीनं पोचवलास, तर गाडी तुझी. नाय पोचली, तर इंजिन होडीला आनि तू रामूच्या हाताखाली. मग दोघांनी तोंड बंद ठेवायचं."

बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी टाकी काठोकाठ भरली. जीपची टाकी चालवणाऱ्याच्या बैठकीखाली असते. गादी उचलायची, झाकण फिरवायचं. सगळं तपासून मी घरात आंघोळीला गेलो आणि जरा आडवा झालो. बाहेर आलो तर रामू गाडीपासून बाजूला होताना दिसला. हात काळे. मी विचारलं, "काय करत होतास?" तो म्हणाला, "बघत होतो. बघायला पन तुझी परवानगी लागते?" मी दोन शिव्या दिल्या, त्यानं तीन दिल्या. पट्टा, तारा, इंजिन पुन्हा पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. गादी मी उचलली नाही.

पहाटेला मी आणि पांड्या निघालो. मागं सुकटीची आणि बोंबलांची पोती शिडाच्या छतापर्यंत. आय आदल्या दिवशीच बैलगाडीनं पुढं गेली होती. दोन कोसांवर खाडीचा एक फाटा वाटेत येतो. ओहोटीला मांडीएवढं पाणी, भरतीला माणूस बुडेल एवढं. आम्ही बरोबर ओहोटीच्या टोकाला पोचलो. पट्टा काढला, चारही चाकं ओढणारा गेअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. काय सुंदर चालली होती! मी पांड्याकडं बघून हसलो.

मधोमध इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं.

आम्ही उतरलो. तारा पुसल्या, प्लग काढून वाळवले, हँडल मारून मारून तळहाताची साल निघाली. पाणी लागलं असणार, एवढंच डोक्यात. पांड्या इंजिनात डोकं घालून, मी हँडलवर. पाणी मांडीवरून कमरेला आलं तेव्हा कळलं की भरती लागली. पोती डोक्यावर घेऊन काठावर टाकायला लागलो. आठ वाचली. मग पाणी छातीला आलं आणि पांड्यानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं. काठावर उभं राहून मी माझी गाडी बुडताना पाहिली. आधी चाकं, मग फळ्या, मग शीड. शेवटी धुराची नळी तेवढी वर राहिली.

कुणीतरी गावात खबर दिली. ओहोटी लागल्यावर रामू दहाबारा माणसं आणि होडीचा जाड दोर घेऊन आला. खाडीत उतरून त्यानंच दोर बांधला. गाडी काठावर आली तशी पांड्यानं गादी उचलली. टाकीचं झाकण हातानं फिरेना. दगडानं ठोकून फिरवलं तेव्हा फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. पांड्यानं झाकण उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्यापुढं धरलं. भोकावर काळी राळ. कडेनं सगळीकडं राळ. होडीला लावतो तशी, बोटानं चेपून बसवलेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आदल्या संध्याकाळचे ते काळे हात! मी झाकण रामूच्या तोंडावर फेकलं. "माझा जीव घ्यायला निघाला होतास?" ओरडलो. तो झाकणाकडं बघत राहिला, मग पांड्याकडं. मला वाटलं, चोर सापडला.

मी जमात बोलावली. आमच्यात भांडण चव्हाट्यावर नेलं की ते जमातीत सुटतं, तिथला शब्द शेवटचा. देवळापुढं सगळे जमले. मी झाकण ठेवलं आणि सगळं सांगितलं: इंजिनावरची नजर, आयची अट, काळे हात. पांड्यानं भोकाचं समजावलं. पाटलानं रामूला विचारलं, "राळ तू लावलीस?"

"लावली."

"कशापायी?"

"पानी शिरू नये म्हनून."

लोक हसले. मीच हसवलं त्यांना. म्हणालो, "बघा! लय माया आली भावाची! सात महिने ह्यानं माझ्या गाडीचा एक नट हातात धरला नाही, आणि आता पाणी शिरू नये म्हणून राळ लावतो!" पुन्हा हसले. रामूची मान ताठ झाली आणि त्यानंतर त्यानं एक शब्द काढला नाही. त्याला हसलेलं कधीच सोसत नाही. मला ते माहीत होतं, म्हणून तर हसवलं.

जमातीनं निकाल दिला. खलाशांचे जीव तांडेलाच्या हातात असतात. भावाच्या जिवावर उठलेला माणूस तांडेल नको. होडी आमचा चुलतभाऊ बारक्या याच्याकडं गेली. जीप माझी. रामू दुसऱ्याच्या होडीवर साधा खलाशी म्हणून जाईल. चंद्रावहिनीनं त्याच आठवड्यात चूल वेगळी केली आणि दोघं दुसऱ्या घरात राहायला गेली. आय दोघांशीही बोलेना. मला वाईट वाटलं का? नाही. त्या रात्री मी इतका गाढ झोपलो की सकाळी उन्हानं जाग आली.

मग गाडी धुवायला घेतली. खारं पाणी राहिलं तर लोखंड महिन्यात सडतं, म्हणून पांड्यानं सगळी उघडून गोड्या पाण्यानं धुवायला सांगितलं होतं. टाकीतलं पेट्रोल काढलं तर स्वच्छ. भरती सहा तास वरून गेली आणि एक थेंब आत नाही. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. मग तळातला गाळ खरवडायला घेतला.

तळाच्या पत्र्याला पाणी वाहून जायला भोकं असतात. एकही भोक उघडं नव्हतं. प्रत्येकात राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवलेला, फळ्यांच्या सांध्यांत बसवतात तसा. हत्याराच्या खणाच्या सांध्याला राळ. मी मारलेल्या सागवानी फळ्यांमधल्या फटीत राळ. त्या फटी मला कधी दिसल्याही नव्हत्या. मोजली तर झाकण धरून एकवीस ठिकाणं. घात करायचा असता तर एक झाकण पुरलं असतं. बाकीची वीस कुणी आणि कशाला बुजवावीत? होडीवाल्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली असते: जिथं भोक तिथं मरण. मीही त्याच घरात वाढलो. पांड्यानं शिकवलं नसतं तर मीही ते भोक बुजवलं असतं आणि स्वतःला शहाणा समजलो असतो.

मी तसाच चिखलाच्या हातांनी रामूच्या दारात गेलो. तो अंगणात दुसऱ्याचं जाळं शिवत होता.

"तळाची भोकं तू बुजवलीस," मी म्हणालो.

"मग?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर उपसून फेकलं असतंस. माझा हात लागलेलं तू कधी ठेवलंस?"

खरं होतं ते, म्हणून मला आणखी राग आला. "जमातीत तरी सगळं सांगायचं!"

"सांगत होतो. तू हसवलंस." त्यानं दोरा दातानं तोडला. "आनि तुझ्यासाठी नाय केलं. इंजिन माझं व्हायचं होतं. त्याला खारं पानी लागलं असतं. जा आता."

मी परत आलो. इंजिन पुढं असतं. तळाच्या भोकांतून त्याला पाणी लागत नाही. तिथं फक्त चालवणाऱ्याचे पाय असतात. हे रामूला कळत होतं की नाही, ते मी त्याला विचारलं नाही. घरी येऊन छिन्नी घेतली आणि कुणी यायच्या आत सगळा कापूस राळेसकट उपसून काढला. वीसच्या वीस. चुलीत घातला. राळ भडकून जळते.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी जमात पुन्हा बसली. होड्या पाण्यात घालायच्या आधी जुने वाद मिटवायचे असतात. रामू खलाशांच्या रांगेत, मागं बसला होता. पाटलानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "कुनाचं काय राहिलंय का? बोलायचं असंल त्यानं बोला."

मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. रामूनंही मान वर केली, पहिल्यांदाच.

"मला जीप ठेवायला देवळामागची जागा पाहिजे," मी म्हणालो.

जमातीनं दिली.