टोकाला सगळं शून्य

बाटली वर गेली आणि दीडशे माना एकदम मागे कलल्या. बुडाला तीन भोकं असलेली बाटली, हातात होती तोवर टपटप गळत होती. तुर्दाकुनने ती वर फेकली आणि गळती थांबली. वर जाऊन खाली येईपर्यंत एक थेंब नाही. हातात पडली, की पुन्हा तीन धारा. पिराच्या थडग्यापाशी बसलेल्या बायका डोळे पुसू लागल्या.

"बघितलंत? टोकाला पोचली की जमीन बाटलीला सोडते. जमीन सोडते, तिथे पीर धरतो," तुर्दाकुन म्हणाला. "हे पाणी प्या, आजाराची गळती बंद. सुया टोचून घ्यायची गरज नाही. आणि हे मी नाही सांगत, शास्त्र सांगतं. आमचे मास्तर समोरच बसलेत. नववीत त्यांनीच शिकवलं, टोकाला वेग शून्य, ओढ शून्य, सगळं शून्य. हो ना मास्तर?"

ओरोझबेक मास्तरांपुढे मेंढीचं उकडलेलं डोकं होतं. ते मिळतं मानाच्या माणसाला. बावीस वर्षं गावातल्या प्रत्येक जेवणात ते गुरांच्या डॉक्टरकडे गेलं होतं, आज तुर्दाकुनमुळे पहिल्यांदा मास्तरांकडे आलं. त्याचे कान कापून लहानांना द्यायचे, म्हणजे ती ऐकायला शिकतात, अशी रीत. पण मानाच्या धुंदीत मास्तर तेही विसरले. गालाचं मांस चघळत त्यांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर, आनंदाने डोलावली.

शेजारी त्यांची थोरली बहीण कलिपा उशीला टेकून बसली होती. तिला साखरेचा आजार. दोन दिवस तिची इन्सुलिनची सुई बंद होती, भोकाच्या बाटलीचं पाणी चालू होतं. जीभ कोरडी पडली होती, तहान भागत नव्हती. मास्तर दोन दिवस सुई खिशात घेऊन तिच्यामागे फिरत होते आणि ती म्हणत होती, "तुझाच विद्यार्थी, तुझंच शास्त्र. मग मला कशाला टोचतोस?"

आत्ता ती हळूच म्हणाली, "ओरोझ, एक सांग. टोकाला बाटली थांबली. जमिनीनंही सोडली. मग ती खाली येते कशाला?"

मास्तरांनी हातातलं मांस खाली ठेवलं. वेग शून्य आणि ओढही शून्य, तर बाटली तिथेच राहायला हवी. बावीस वर्षांत त्यांनी फळ्यावर फेकलेले सगळे दगड गावावर लटकत असायला हवे होते.

ते उठून उभे राहिले. "ताई, मी गाढव आहे."

"ते मला लहानपणापासून माहीत आहे. पुढे बोल."

"टोकाला वेग शून्य होतो, पण ओढ तशीच राहते. हातातून सुटल्यापासून हातात पडेपर्यंत तेवढीच. वर जाताना ती वेग कमी करते, खाली येताना वाढवते. एक सेकंद वर, एक सेकंद खाली, म्हणजे बाटली पाच मीटर चढली. यात पीर कुठे आला?"

"मग पाणी का थांबतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"हातात असते तेव्हा बाटली अडलेली असते, पाणी एकटंच खाली पळतं. फेकली की दोघांवर ओढ सारखी, चाल सारखी. पाणी बाटलीला सोडून जाणार कसं?"

"माझ्या मंत्राशिवाय करून दाखवा," तुर्दाकुन म्हणाला.

मास्तरांनी घोडीच्या दुधाच्या बाटलीला सुरीने भोकं पाडली, टोपण सैल केलं आणि सातचा पाढा म्हणत ती वर भिरकावली. बाटली हवेत असेपर्यंत पांढरी धार थांबली. झेलायला मात्र मास्तरांना जमलं नाही; बाटली त्यांच्याच नव्या टोपीवर आदळली. लोक पोट धरून हसले. मग ज्याच्या हाती जे गळकं लागलं ते वर गेलं, आणि कुणाचंच हवेत गळलं नाही.

तुर्दाकुन घोड्यावर खोगीर चढवत पुटपुटला, "शिकवलं तर तुम्हीच होतं."

"हो रे. म्हणून आधी माझाच फळा पुसतो," मास्तर म्हणाले. मग डोक्यावरून दूध ओघळत असतानाच ते लोकांकडे वळले. "चमत्कार दिसला, तर आधी स्वतः करून बघा. कुणी शास्त्र म्हणून सांगितलं, मी सांगितलं तरी, एक प्रश्न विचारा. आणि मला नाही विचारलं तरी चालेल, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका."

कलिपाने सुई टोचून घेतली. "उद्या सकाळी दवाखान्यात डॉक्टरकडे ने मला," ती म्हणाली. मास्तरांनी मेंढीचं डोकं उचलून तिच्यापुढे ठेवलं. आज मान तिचाच होता. तिने सुरी घेतली, एक कान कापला आणि धाकट्या भावाच्या हातावर ठेवला.

मास्तरांनी तो निमूटपणे खाल्ला.